फोटो आपोआप पानावर लावणारं सॉफ्टवेअर ‘ऑब्व्हियस’ आहे हे कसं ठरवायचं?

फोटोंची संख्या आणि आकार बघून अल्बमची पानं आपोआप लावणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज झालाय, आणि तुमचं म्हणणं, ‘हे तर कुठल्याही प्रोग्रामरला सुचेल.’ म्हणजे कायद्याच्या भाषेत ते ‘ऑब्व्हियस’, साहजिक; आणि साहजिक गोष्टीला पेटंट मिळत नाही.

मी प्रायर आर्ट, म्हणजे अर्जाआधीच जगजाहीर असलेलं तंत्र, शोधायचं काम करते. हे वाक्य सतत कानावर पडतं, पण नुसत्या या वाक्यावर अर्ज फेटाळला जात नाही. उत्तर समोर ठेवून ते सोपं म्हणणं, हीच या कामातली सगळ्यात मोठी चूक.

शीर्षक आणि गोषवारा बाजूला ठेवा, पहिला क्लेम वाचा, म्हणजे अर्जदार नेमक्या कशावर हक्क सांगतोय ते कलम. समजा त्यात चार गोष्टी आहेत: पानाच्या अनेक मांडण्या तयार करणं, प्रत्येकीला गुण देणं, सगळ्यात चांगली निवडणं, आणि वापरणाऱ्याने एक फोटो बदलला तर फक्त तेवढ्याच भागाची मांडणी पुन्हा करणं. अर्जाच्या तारखेआधी यातलं काय छापून आलं होतं, ते शोधायचं.

पहिल्या तीन गोष्टी फार जुन्या आहेत. डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये परिच्छेदाच्या ओळी तोडण्यावर लेख लिहिला. त्याआधी बहुतेक प्रणाली एक ओळ भरली की पुढची घ्यायच्या. या दोघांनी अख्खा परिच्छेद एकदम पाहिला, प्रत्येक शक्य तोडीला दंड लावला आणि एकूण दंड सगळ्यात कमी येईल ती मांडणी निवडली. अक्षरजुळणीच्या टेक प्रणालीत हेच आहे. त्यामागचं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न छोट्या प्रश्नांत तोडून सगळ्यात चांगलं उत्तर काढायची पद्धत) तर १९५०च्या दशकातलं. आज मागे वळून बघताना दोन्ही जोडणं किती साहजिक वाटतं! तरी मधे इतकी वर्षं गेली. म्हणून मी ‘साहजिक’ म्हणताना जपून असते. प्लास यांनी १९८१च्या प्रबंधात पानं पाडण्याच्या प्रश्नावरही काम केलं होतं, तेव्हा ‘हे फक्त ओळींपुरतं होतं’ असा बचावही दुबळा.

उरली चौथी गोष्ट, आणि खरी लढाई तिथेच. ‘साहजिक’ कसं ठरवायचं हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर, १९६६: जुन्यात काय होतं, क्लेम त्याहून कुठे वेगळा आणि त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराची पातळी काय, हे आधी ठरवावं लागतं. त्याच कोर्टाच्या २००७च्या केएसआर निकालाने सांगितलं की दोन जुन्या गोष्टी जोडायची सूचना कुठे लिहिलेली असलीच पाहिजे असा हट्ट नको. जाणकारालाही स्वतःची अक्कल असते, हे कोर्टाने मान्य केलं. पण जोडायचं कारण तुम्हाला पटवून द्यावंच लागतं.

(सॉफ्टवेअरला पेटंट मिळू शकतं का, हा २०१४च्या अ‍ॅलिस निकालाचा प्रश्न वेगळा. तो यात मिसळू नका.)

तुमच्या जागी मी असते तर तारखेआधीचे डीटीपी आणि ब्राउझरचे दस्तऐवज उघडून, बदललेल्या भागापुरतीच मांडणी पुन्हा करणारं एखादं तंत्र शोधलं असतं. मग एका परिच्छेदात लिहून काढलं असतं, की अल्बम बनवणाऱ्याने ते का उचललं असतं: बहुधा प्रत्येक बदलाला अख्खा अल्बम नव्याने लावताना जाणारा वेळ वाचवायला. तो परिच्छेद जमला नाही, तर अर्जदाराचं म्हणणं मी मान्य केलं असतं.