जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला गच्चीवरची एरियल लावली, तर विजांच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा मर्फीचा रेडिओ नीट करून घेतलाय, गच्चीवर 15 मीटर तांब्याची तार ताणलीय आणि आता वळवाची धास्ती वाटतेय. वाटायलाच हवी.

तारेवर थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, तो विषय सोडा. रेडिओ मरतो तो आसपास कुठेतरी पडलेल्या विजेने, नाहीतर तारेवर गुपचूप साठणाऱ्या स्थिर विजेने. एकदा मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, मी एरियलची पिन काढून चेसिसजवळ, म्हणजे रेडिओच्या आतल्या धातूच्या सांगाड्याजवळ, फळीवर ठेवली होती. टिक... टिक... असा आवाज यायला लागला. दिवा घालवून पाहिलं तर दर दोन-तीन सेकंदांनी पिनेतून चेसिसवर निळी ठिणगी उडत होती. आदल्याच वर्षी माझ्या एका सेटची एरियल कॉइल, म्हणजे एरियल जिला जोडतात ते आतलं तारेचं वेटोळं, का गेली, ते तेव्हा कळलं. केसासारखी तार असते ती. मीटर लावला तर ओपन, म्हणजे तार तुटलेली, मग पुन्हा गुंडाळत बसा.

उपाय स्वस्त आहे. एरियल आणि अर्थ यांच्यामध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर कायमचा जोडा. साठणारी वीज त्यातून झिरपून जाते, स्टेशनच्या आवाजात फरक पडत नाही. त्याच दोन टोकांना एक निऑन दिवा लावा, लाइन टेस्टरमध्ये असतो तसला. तो साधारण 70 ते 90 व्होल्टला पेटतो आणि धक्का अर्थकडे वळवतो. मात्र रेझिस्टर जोडलेला इंडिकेटर घेऊ नका, त्याचा इथे उपयोग नाही. उलटसुलट जोडलेले दोन डायोड लावा असंही कोणी सांगेल. ते ट्रान्झिस्टर सेटला ठीक आहेत, पण केंद्र जवळ असेल तर गडबड होते. पुण्यात आकाशवाणीचं 792 किलोहर्ट्झवरचं केंद्र डायलवर नको तिथेही ऐकू येऊ शकतं.

आता खरी धोक्याची गोष्ट. तुमचा सेट एसी/डीसी, म्हणजे बिनट्रान्सफॉर्मरचा आहे का, ते मेकॅनिकला विचारा. तसल्या सेटचं चेसिस थेट मेन्सला जोडलेलं असतं. एरियल आणि चेसिस यांच्यात फक्त एक कपॅसिटर असतो, आणि तो कागदी कपॅसिटर जुना होऊन गळत असेल तर गच्चीवरच्या तारेत करंट उतरतो. कपडे वाळत घालणाऱ्याला शॉक बसेल. तिथे वाय क्लासचाच, म्हणजे मेन्सपासून सुरक्षेसाठी बनवलेला, कपॅसिटर बसवून घ्या. रेझिस्टर आणि निऑन त्याच्या बाहेरच्या बाजूला, घराच्या खऱ्या अर्थिंगला जोडा. चेसिसला अजिबात नको.

आणि आभाळ भरून आलं की एरियलची पिन आणि मेन्सचा प्लग, दोन्ही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर हात लावायला जाऊ नका. एरियल खिडकीबाहेरच अर्थला टाकणारा चाकू स्विच (पात्यासारखा दांडा खाली-वर करायचा उघडा स्विच) बसवलात तर आणखी चांगलं. आमच्याकडे वळवाइतकाच परतीचा पाऊसही कडाडतो, तेव्हा ऑक्टोबर सरेपर्यंत ही सवय मोडू नका.