सरासरी सेवाकाल साडेआठ वर्षं, तरी सिस्टर वर्षभर टिकत नाहीत: काय मोजायचं आणि काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकातल्या खानापूर आणि निपाणी तालुक्यांत तुमच्या संस्थेची आरोग्य केंद्रं आहेत, अहवालात सरासरी सेवाकाल साडेआठ वर्षं दिसतो, तरी दर दोन-तीन महिन्यांनी नवी नर्स शोधावी लागते. चूक मोजण्यात आहे की माणसं सांभाळण्यात? दोन्हीकडे आहे. आधी मोजण्याचं बघू, कारण तिथं चुकलं की पुढचा पैसा भलतीकडेच जातो.

सरासरी सेवाकाल काढताना आज हजेरीपटावर असलेल्याच धरल्या जातात. सोडून गेलेल्या त्यात येतच नाहीत. समजा पाच जणी आहेत: एकीची २२ वर्षं झाली, दुसरीची १९, तिसरीचं १ आणि दोघींचे सहा-सहा महिने. बेरीज ४३, सरासरी ८.६ वर्षं. पण चढत्या क्रमाने मांडून मधलीचा सेवाकाल बघितला तर तो १ वर्ष. दोन ज्येष्ठ सिस्टर निवृत्त झाल्या की हीच सरासरी ८ महिन्यांवर येईल. तुमचा आकडा बहुधा अशाच दोघी-तिघींच्या खांद्यावर उभा आहे.

गळतीचा टक्काही एकटा वाचू नका. १० पदं आहेत आणि वर्षात ६ जणी गेल्या, म्हणजे गळती ६० टक्के. पण १ एप्रिलला असलेल्या १० पैकी ३१ मार्चला ७ जणी तिथंच असतील, तर ७ पदं स्थिर आहेत आणि उरलेली ३ पदं दोन-दोनदा रिकामी झाली. मग पगारवाढ सगळ्यांना देऊन प्रश्न सुटणार नाही; त्या तीन गावांत जाऊन बघावं लागेल.

यासाठी एक नोंदवही करा. पद, गाव, प्रत्यक्ष हजर झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, जाण्याचं कारण, पद रिकामं राहिलेले दिवस. नेमणूक-पत्राची तारीख घेऊ नका. पत्र आणि हजर होणं यात महिनाभराचं अंतर सहज पडतं. बाळंतपणाची रजा म्हणजे सोडून जाणं नव्हे. ११ महिन्यांचा करार संपवून एक दिवस खंड देऊन परत घेतलं असेल तर ती सेवा सलगच धरा. कंत्राटदार बदलला की तीच सिस्टर नव्याने लागल्यासारखी दिसते, म्हणून पीएफचा यूएएन नंबर (प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा खाते-क्रमांक) वहीत हवाच. तो बदलत नाही. जांबोटीहून खानापूरला बदली झाली तर संस्थेने कुणाला गमावलं नाही, पण जांबोटीने गमावलं. त्याला वेगळा रकाना ठेवा.

मग टप्पे पाडा. ज्यांनी तो टप्पा पूर्ण केला किंवा त्यातच नोकरी सोडली, त्यांनाच त्या टप्प्यात मोजायचं. समजा तीन वर्षांत २१ जणी लागल्या. त्यातली एकजण दोनच महिन्यांपूर्वी आली, तिला बाजूला ठेवा, राहिल्या २०. पहिल्या तीन महिन्यांत ३ गेल्या, टिकल्या ८५ टक्के. उरलेल्या १७ पैकी एकीचा पाचवा महिना चालू आहे, म्हणून १६. त्यातल्या ४ सहा महिन्यांच्या आत गेल्या, टिकल्या ७५ टक्के. पुढच्या १२ पैकी दोघींचं वर्ष अजून व्हायचंय, म्हणून १०. त्यातल्या २ गेल्या, टिकल्या ८० टक्के. आता गुणाकार करा: ०.८५ × ०.७५ × ०.८० = ०.५१. म्हणजे आज लागलेली सिस्टर वर्षभर टिकण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि सगळ्यात कच्चा टप्पा तिसऱ्या ते सहाव्या महिन्याचा. पदं थोडी असतील तर एकाच वर्षाच्या टक्क्यावर भरवसा ठेवू नका, तीन वर्षं एकत्र घ्या.

किती काळ टिकली म्हणजे पुरे? माझ्या मते हे काम बघून ठरवावं. गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि बाळाचा एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांदरम्यान असतो. नोंद करणाऱ्या सिस्टरनेच तो डोस द्यायचा असेल तर तिला दोन ते अडीच वर्षं तिथं असावं लागतं. ३० महिन्यांचं उद्दिष्ट ठेवा.

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या बहुतेक राहण्याच्या जागेमुळे आणि बसमुळे जातात. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की गळकी खोली म्हणजे नोकरी सोडायचं कारणच. खोली मे महिन्यात स्वतः जाऊन बघा: कौलं, आतून लागणारी कडी, संडास, पाणी, मोबाइलची रेंज. शेवटची बस किती वाजता जाते ते बघून ड्यूटीची वेळ ठरवा. महाराष्ट्रात नोंदणी असलेली, चंदगड किंवा गडहिंग्लजची मुलगी घेत असाल, तर कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हजर होण्याआधीच मार्गी लावा. नाहीतर ती महिनोन् महिने अधांतरी राहते.

तिसऱ्या महिन्यानंतर गाठ पडते ती भाषेशी. आपल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी कन्नड बोलते, पण रजिस्टर आणि मासिक अहवाल कन्नडमध्ये लिहायची वेळ आली की अडते, चुका होतात, बैठकीत सगळ्यांसमोर बोलणी खाते आणि मग राजीनामा देते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने हे भागत नाही. सहा आठवडे रोज अर्धा तास जुन्या सिस्टरबरोबर बसवून खरी रजिस्टरं भरून घ्या, आणि त्या अर्ध्या तासाचा भत्ता जुन्या सिस्टरला द्या. उलट बाजूने, गोकाक किंवा बागलकोटकडून आलेल्या कन्नड सिस्टरला मराठी गावातली बोली लिहून द्या. "दिवस गेलेत" म्हणजे गरोदर आहे, हे तिला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. "अंगावरून जातंय" म्हटलं की पांढरं की लाल, हे लगेच विचारायला हवं. गरोदरपणात लाल असेल तर थांबायला वेळ नसतो. अशी दीडशे-दोनशे वाक्यं तिच्या हाती असली तर तिला त्या गावात एकटं पडल्यासारखं वाटत नाही.

सहा महिन्यांनंतर पैशाचा विषय येतो, आणि त्यात पगार किती यापेक्षा कधी हा प्रश्न मोठा. नव्या आर्थिक वर्षाची मंजुरी लांबली की एप्रिल ते जूनचे पगार रखडतात. तीन महिन्यांच्या पगाराएवढी शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवा, आणि प्रवासभत्ता पगाराबरोबरच द्या.

हक्कांचं लेखी सांगा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला ५ वर्षं लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला १ वर्ष पुरतं. हिशेब असा: सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून. शेवटचं मासिक वेतन १८,००० धरलं तर १८,००० × १५ ÷ २६ × ६ वर्षं = सुमारे ६२,३०८ रुपये. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्याआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. मधेच करार संपला तरी हा लाभ थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्याच प्रकरणात सांगितलं आहे. आणि "पुढे सरकारात कायम व्हाल" असं आश्वासन कधीही देऊ नका. कर्नाटकातूनच गेलेल्या उमादेवी खटल्यात एप्रिल २००६ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं की नुसती कंत्राटी सेवा लांबली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. खोट्या आशेवर थांबलेली सिस्टर आशा तुटली की जाते, आणि जाताना आणखी दोघींना घेऊन जाते.

राजीनाम्यावर सगळ्याच "वैयक्तिक कारण" लिहितात, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी ३०, ९० आणि १८० व्या दिवशी, वरिष्ठ नसलेल्या कुणीतरी तिच्या भाषेत एकच विचारावं: गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी उद्या येऊच नये असं वाटलं? उत्तर तारखेसकट लिहून घ्या. दोन-तीन जणींनी एकच खोली, एकच बस किंवा एकच माणूस सांगितला, की पुढची जाहिरात काढण्याआधी तेवढं दुरुस्त करा.