मारिओ कार्टमधला खरा भीतीदायक भुताटकीचा ट्रॅक कोणता?

तुमचा प्रश्न असा की भाच्याबरोबर निन्टेंडो स्विचवर ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळताना ट्विस्टेड मॅन्शनचा तो भूतबंगला एवढा भारी वाटतो, मग जुने खेळाडू 1992 सालच्या, नुसत्या फळ्याफळ्यांच्या घोस्ट व्हॅलीचंच नाव का काढतात? सगळा जुन्या आठवणींचा उमाळा आहे की त्यात काही तथ्य आहे?

तथ्य आहे, आणि बरंच आहे. आधी घोस्ट व्हॅली म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे बाकीचं पटेल.

मालिकेतला पहिला गेम ‘सुपर मारिओ कार्ट’ जपानमध्ये 27 ऑगस्ट 1992 रोजी सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे बाहेर सुपर निन्टेंडो नावाने विकल्या गेलेल्या कन्सोलवर आला. त्यातल्या 20 ट्रॅकपैकी तीन घोस्ट व्हॅलीचे. पहिला मशरूम कपमध्ये (कप म्हणजे ओळीने खेळायच्या शर्यतींचा संच), दुसरा फ्लॉवर कपमध्ये आणि तिसरा स्पेशल कपमध्ये, रेनबो रोडच्या थोडा आधी. तिन्ही दिसायला एकाच घरचे. काळोखात अधांतरी टाकलेल्या फळ्या, मध्येच तुटलेला रस्ता, काटकोनात वळणारी अरुंद वाट आणि कडेला चौकोनी ठोकळ्यांची रांग. पावसाळ्यात कोकणातला कठडा नसलेला साकव ओलांडताना नजर जशी पायाखाली खिळते, तशी इथे ती कडेवर खिळते.

गंमत म्हणजे नाव भुतांचं असूनही रस्त्यात तुम्हाला अडवायला इथे भूत येतच नाही. बाकीच्या कित्येक ट्रॅकवर कोणी ना कोणी टपलेलं असतं. डोनट प्लेन्समध्ये जमिनीतून मोंटी मोल उसळतात, बाउझरच्या किल्ल्यात दगडी थ्वॉम्प डोक्यावर आदळतात, कूपा बीचवर मासे मध्ये येतात. घोस्ट व्हॅलीत असा उपद्रव कोणाचाच नाही. तिथे तुमचं वैर फक्त त्या ठोकळ्यांशी.

आता हे ठोकळे जरा जवळून बघू. कार्ट त्यांना आपटली की ती मागे उसळते, वेग मरतो, आणि आपटलेला ठोकळा गायब होतो. तुम्ही वाचलात, पण भिंतीला भगदाड पडलं, आणि ते त्या शर्यतीत पुन्हा बुजत नाही. या गेममध्ये शर्यत पाच फेऱ्यांची असते. पहिल्या फेरीत नवखा माणूस भिंतीचा आधार घेत, ठेचकाळत वळणं काढतो आणि ‘जमतंय की’ म्हणून खूश होतो. चौथ्या फेरीत त्याच वळणावर, त्याच वेगाने, तशीच थोडी बाहेर गेलेली कार्ट येते, आणि यावेळी तिथे भिंत नसते. ती कोणी काढली? संगणकाच्या गाड्या बहुतेक ठरलेल्या रेषेवरूनच धावतात. त्यामुळे भगदाडं बरीचशी आपलीच कमाई असते. दचकवणारी भुतं पुढच्या कुठल्याही गेममध्ये मिळतील, पण माझ्या पहिल्या फेरीतल्या चुका चौथ्या फेरीत व्याजासकट वसूल करणारा ट्रॅक मालिकेत मला दुसरा दिसलेला नाही.

पडलात की लाकिटू ढगावर बसून येतो आणि गळाने तुम्हाला वर काढतो. फुकट नाही, दोन नाणी कापून घेतो. या गेममध्ये नाणी म्हणजे वेग. दहा नाण्यांपर्यंत कार्टचा कमाल वेग वाढत जातो, आणि खिसा रिकामा असताना कोणाला धडकलात तर गाडी जागच्या जागी गरगरते. गरगरली की पुन्हा कड जवळ. अशी ही साखळी आहे. त्यात पुढे संगणकाच्या गाडीत डाँकी काँग ज्युनियर असला तर तो केळ्याच्या साली टाकत जातो, योशी असला तर अंडी. मोकळ्या मारिओ सर्किटवर त्या चुकवायला भरपूर जागा असते, फळ्यांवर ती कुठून आणणार?

हे सगळं कसं घडवलं त्याची तांत्रिक बाजू मला गेमइतकीच आवडते. त्या कन्सोलवर आजच्यासारखं त्रिमितीय जग नव्हतंच. मोड 7 नावाची सोय होती. तिच्यात 1024 बाय 1024 पिक्सेलचं एक सपाट चित्र घ्यायचं आणि ते तिरपं करून, फिरवून, लहानमोठं करून दाखवायचं. गणितं झटपट व्हावीत म्हणून ‘सुपर मारिओ कार्ट’च्या कार्ट्रिजमध्ये डीएसपी-1 नावाची वेगळी चिप बसवली होती. चित्र सपाट, म्हणजे खरा चढ नाही आणि खरी दरीही नाही. घोस्ट व्हॅलीतली दरी म्हणजे त्याच चित्रातल्या गडद रंगाच्या चौकटी. नियम एवढाच की इथे चाक आलं की पडायचं. ठोकळा फुटतो म्हणजे चित्रातली ठोकळ्याची चौकट जाऊन तिथे काळोखाची चौकट येते. बस! एवढ्याशा अदलाबदलीवर सगळा थरार उभा आहे. गेमचे दिग्दर्शक तादाशी सुगियामा आणि हिदेकी कोन्नो, निर्माते शिगेरू मियामोतो. निन्टेंडोच्याच आधीच्या ‘एफ-झीरो’ गेमसारखी शर्यत दोघांना एकाच पडद्यावर खेळता यावी, इथून त्यांची सुरुवात झाली होती. लांबलचक सरळ रस्ते त्यात बसेनात, म्हणून ट्रॅक छोटे आणि वळणावळणाचे झाले. घोस्ट व्हॅलीचे ते काटकोन त्याच अडचणीतून आलेले आहेत.

पुढच्या भुताटक्यांपैकी ‘मारिओ कार्ट 64’मधला (1996) बॅन्शी बोर्डवॉक हा घोस्ट व्हॅलीचा सख्खा वारस. काळ्या पाण्यावरची लाकडी वाट, जागोजागी गायब कठडे, रस्त्यावरून झेप घेणारा मोठा मासा आणि वटवाघळांनी भरलेलं पडकं घर. भीती वाटते, पण तिथे काय कुठे आहे ते दोन शर्यतींत पाठ होतं, आणि नंतर तो मासा म्हणजे नुसती सजावट. ‘सुपर सर्किट’मध्ये (2001) बू लेक (बू म्हणजे मारिओच्या जगातलं भूत) आणि ब्रोकन पिअर आहेत. त्यातला बू लेक तुम्हाला डिलक्सच्या बूस्टर कोर्स पास या जादा ट्रॅकच्या संचातही मिळेल. ‘मारिओ कार्ट डीएस’मधल्या (2005) लुइजीज मॅन्शनच्या बाहेर दलदलीत चालती झाडं आहेत, ती मात्र खरंच अंगावर येतात. आणि 2025 च्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये बू सिनेमा आहे. थिएटरमधून थेट पडद्यात शिरायचं आणि फिल्मच्या पट्ट्यांवरून गाडी हाकायची. कल्पना झकास, पण तिथे मी घाबरण्यापेक्षा आजूबाजूला बघतच जास्त बसतो.

ट्विस्टेड मॅन्शनचंही तेच. छतावरून, भिंतीवरून, पाण्याखालून जाणारा बंगला म्हणून तो अव्वल आहे. पण तो पाहुण्यांना फिरवून दाखवायचा बंगला आहे.

त्यातून एक शंका. भाच्याच्या कार्टच्या मागे बारीकसा अँटेना दिसतो का ते बघा. दिसत असेल तर स्मार्ट स्टिअरिंग चालू आहे, आणि ते कार्टला कडेवरून पडूच देत नाही. लहान मुलांसाठी उत्तम सोय आहे, पण ती चालू असताना कुठलाच ट्रॅक भीतीदायक ठरणार नाही. गाडी निवडण्याच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबून ती बंद करता येते.

घोस्ट व्हॅली खेळून बघायची असेल तर निन्टेंडो स्विच ऑनलाइन या वर्गणीच्या सेवेतल्या सुपर निन्टेंडो संग्रहात मूळ ‘सुपर मारिओ कार्ट’ आहे. सुरुवातीला चालक म्हणून टोड किंवा कूपा ट्रूपा घ्या. त्यांचा कमाल वेग कमी आहे, पण ते वळणात ऐकतात. बाउझर मोहात पाडतो. एकदा थांबला की त्याला वेग पकडायला युगं लागतात, आणि या ट्रॅकवर थांबणं ठरलेलं आहे. वळणाच्या आधी एल किंवा आर दाबून छोटी उडी मारायची आणि उतरतानाच घसरत वळायचं, ही सवय लागली की ठोकळे शाबूत राहू लागतात. वस्तूंमध्ये पीस मिळालं तर लगेच उधळू नका, तुटलेल्या जागांवरून उंच उडी मारून वाट तोडता येते.

आणि भाच्याबरोबर खेळणार असाल तर दोघांची मॅच रेस लावा. त्यात मात्र बू मिळतो. तो समोरच्याच्या हातातली वस्तू चोरून आणतो आणि थोडा वेळ तुम्हाला अदृश्य करतो. ऐन वळणावर भाच्याचं पीस ढापलंत तर तो तुमच्याशी दोन दिवस बोलणार नाही, त्याला माझा इलाज नाही.