किटवरची रेघ आणि एन-प्रथिन : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

पावसाळी तापाचे रुग्ण वाढले की ठाण्यातील आमच्या प्रयोगशाळेच्या मोबाइलवर कोविडच्या घरगुती किटच्या रेघांचे फोटो येऊ लागतात आणि विचारणा तीच असते. म्हणून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

कोविडचे घरगुती किट स्पाइक शोधत नाही, असे वाचले. मग काय शोधते? (नौपाडा)

स्पाइक म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचे काट्यासारखे प्रथिन. बहुतेक किट मात्र आतले न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे एन-प्रथिन शोधतात. विषाणूचा सुमारे ३०,००० अक्षरांचा आरएनए धागा इवल्याशा कवचात गुंडाळून ठेवणे, हे त्याचे मुख्य काम. ४१९ अमिनो आम्लांच्या या साखळीत घट्ट घडीचे दोन भाग असतात: पहिला आरएनए धरतो, दुसरा आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूशी जोडी जमवतो. त्यांना जोडणारा दुवा आणि दोन्ही टोके मात्र सैल, लवचीक असतात. हे प्रथिन बाधित पेशीत मुबलक तयार होते आणि स्पाइकच्या मानाने कमी बदलते, म्हणून निदानासाठी सोयीचे ठरते.

वेळेत रेघ नव्हती, दोन तासांनी पुसट दिसली. (ऐरोली)

ती धरू नये. नव्या किटवर चाचणी करावी. माहितीपत्रकातील वेळेत 'सी' (किट नीट चालल्याची) रेघेसोबत 'टी'ची (चाचणीची) पुसट रेघ उमटली, तर मात्र ती पॉझिटिव्हच समजून डॉक्टरांना कळवावे.

लिंबाचा रस टाकला तरी रेघ येते, असा व्हिडिओ पाहिला. किट खोटे आहे का? (कळवा)

किट नाकातील स्रावासाठी आहे, सरबतासाठी नाही. आम्लामुळे पट्टीवरील प्रतिपिंडांचे वर्तन बिघडते, एवढाच त्याचा अर्थ.

सोसायटीतील शिबिरात 'इम्युनिटी पॅकेज' घेतले. कोव्हिशील्डचे दोन्ही डोस होऊनही अँटी-एन (एन-प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) निगेटिव्ह आले. लस वाया गेली का? (वाशी)

नाही, आणि हा प्रश्न पडावा अशीच अशा पॅकेजची मांडणी असते. कोव्हिशील्ड शरीराला फक्त स्पाइकची ओळख करून देते. एन-प्रथिन त्या लशीत नाहीच, तेव्हा तिच्यामुळे ही चाचणी पॉझिटिव्ह येणे शक्यच नव्हते. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू असल्याने ती घेतलेल्याचे अँटी-एन संसर्गाशिवायही पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय ही प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, म्हणून निगेटिव्ह अहवालाचा अर्थ 'कधीच संसर्ग झाला नाही' असाही होत नाही. संरक्षणात स्मृतिपेशी आणि टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींचाही वाटा असतो, आणि तो या चाचणीत दिसत नाही. मध्यंतरी एक आजी असाच अहवाल घेऊन आल्या; 'नॉन-रिॲक्टिव्ह' (म्हणजे निगेटिव्ह) हा शब्द लाल चौकटीत, खाली 'प्रतिकारशक्ती कमी' असा शेरा, आणि आजींची आठवड्याची झोप उडालेली. कोणती लस घेतली, हे न विचारता काढलेला असा निष्कर्ष म्हणजे निव्वळ धंदा आहे. पुढचा डोस हवा की नको, हे आपल्या डॉक्टरांना आजारांची पूर्ण माहिती देऊन ठरवावे, पॅकेजवरून नव्हे.

सासरे ७२ वर्षांचे आहेत. तीन दिवस ताप, खोकला; किट निगेटिव्ह. आणखी दोन दिवस वाट पाहू का? (घोडबंदर रोड)

अजिबात नको. स्रावात विषाणू कमी असला, तर एन-प्रथिन पट्टीला पुरेसे मिळत नाही. आरटी-पीसीआर आरएनएच्या प्रती वाढवून तोच विषाणू पकडू शकते. लक्षणे असूनही अँटिजेन चाचणी (म्हणजे अशी किट) निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्येच सांगितले होते. शिवाय हे किट फ्लू, डेंग्यू किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) दाखवत नाही. त्यांना आजच फिजिशियनकडे न्यावे. धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर ओपीडीची वेळ न पाहता थेट रुग्णालयात.