हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, मग नुसतं सहनच करायचं का?

"मॅडम, हार्मोनच्या गोळ्या मला चालत नाहीत, मग आता हे असंच सहन करायचं का?" पाळी जाण्याच्या वयात अंगातून अचानक गरम वाफा येतात, घाम फुटतो, त्याबद्दलचा हा प्रश्न मला समुपदेशनात इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी लिहायला बसले. नागपुरातल्या धरमपेठेतल्या, मानेवाड्याच्या, कामठी-उमरेडवरून बस पकडून येणाऱ्या, सगळ्यांचा प्रश्न तोच. कोणाला आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असतो, कोणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झालेली असते, कोणाला नुसती भीती वाटते. आधीच सांगते, मी हार्मोनच्या विरोधात अजिबात नाही. ज्यांना चालतात त्यांना वाफांवर सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडतो, ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. हे लिहितेय ते ज्यांच्यासाठी ती वाट बंद आहे त्यांच्यासाठी.

शोभाताई म्हणू त्यांना (नाव बदललंय, बाकी ओळखीच्या खुणाही). वय ४९, शाळेत दहावीला गणित शिकवतात. पाळी जाऊन वर्ष उलटलेलं. पायात एकदा गुठळी झाली होती म्हणून गायनॅकने हार्मोनला नाही म्हटलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घेतलं होतं, दोन्ही नॉर्मल. हे मी कोणालाही आधी करायला लावतेच, कारण धडधड, घाम, थकवा, चिडचिड हे सगळं थायरॉइडमुळेही होतं आणि पाळीच्या नावावर खपून जातं.

त्या डिसेंबरमध्ये आल्या. नागपूरची थंडी, स्टाफरूममध्ये सगळ्या शाली गुंडाळून बसलेल्या आणि यांच्या कपाळावरून घामाची धार. "छातीतून वाफ निघते न मॅडम, मग मान, मग तोंड, लालबुंद होते मी. वर्गात त आता फळ्याकडंच तोंड करून उभी राहते, पोरींकडं पाहतच नाही." हळदीकुंकवाला जाणं बंद, पालकसभेत मागच्या खुर्चीवर बसायचं, फिक्या रंगाचे ब्लाऊज कपाटात गेले. शतावरी झाली, सोयाबीन झालं, सब्जा झाला, कोणी काय सांगितलं कोणी काय.

मी आधी त्यांना शरीरात काय चाललंय ते समजावलं. कारण कळलं की निम्मी भीती जाते असं मी कायम बघते. इस्ट्रोजेन कमी झालं की अंगाचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं केंद्र फार हळवं होतं, अंग जरासं तापलं तरी त्याला वाटतं खूप तापलं, मग ते कातडीकडे रक्त सोडतं, घाम फोडतं. दोन-चार मिनिटांचा खेळ असतो, धोका काही नसतो, पण अशा वाफांचा त्रास अनेकींना सात-सात वर्षंही पुरतो. म्हणजे "निघून जाईल, जरा दम धर" एवढं सांगून कोणाला घरी पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

मग एकदा बोलता बोलता मी विचारलं, "शोभाताई, मे महिन्यात येत होत्या का वाफा?"

"येत होत्या न. तेव्हाच त सुरू झालं जास्त."

"मग तेव्हा काय करत होता?"

त्या विचारात पडल्या. "मेमध्ये पुतणीचं लग्न होतं. शालू नेसून मांडवात दिवसभर उभी होती मी. घामाघूम. पण तेव्हा एवढं काही वाटलं नाही."

"काहून?"

"पंचेचाळीस डिग्रीत कोण कोणाकडं पाहते मॅडम, सगळेच घामाघूम राहतात."

"मग डिसेंबरमध्ये काय बदललं? घाम तर तोच."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, अशा वेळी घाई करायची नसते हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. मग हळूच म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये वाटते की सगळ्यांना कळलं."

"काय कळलं?"

"की ही बाई संपली आता." आणि रडायला लागल्या.

मला त्या क्षणी आतून फार बरं वाटलं, त्यांच्या रडण्याचं नाही, पण जे वाक्य त्या इतके दिवस एकट्याच वाहत होत्या ते आता आमच्या दोघींच्या मधे टेबलावर होतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते, आपल्या महाराष्ट्रात कि. मो. फडके सरांनी ती रुजवली, आणि त्यातली एक गोष्ट मला रोज खरी ठरताना दिसते, की घटना आणि त्रास यांच्यामधे आपण स्वतःशीच बोललेलं एक वाक्य असतं. वाफ शरीराची. "संपली" हे मनाचं. वाफ थांबवणं माझ्या हातात नाही, पण ते वाक्य तपासता येतं.

"दहावीचं गणित कोणाकडे देते शाळा?"

"माझ्याकडेच, दरवर्षी."

"संपलेल्या बाईकडे दहावी देतात का?"

त्या डोळे पुसत हसल्या. मग कळलं की "पाळी गेली की बाई संपली" हे त्यांच्या मोठ्या आत्याचं बोलणं, लहानपणी माजघरात ऐकलेलं. स्वतः कधी तपासून बघितलंच नव्हतं.

नवीन वाक्य मी दिलं नाही, त्यांनीच बनवलं: "वाफ आली, मला आवडत नाही, पण दोन-चार मिनिटांत जाईल, मी वर्ग थांबवणार नाही." यात गोडगोड काही नाही म्हणून ते टिकतं. "मला काहीच होत नाही" असं घोकणाऱ्या बायका पहिल्याच वाफेला हरतात, हे मी पाहिलंय. मग घरचा अभ्यास, वर्गात वाफ आली की फळ्याकडे न वळता पोरींकडे बघून सांगायचं, मला गरम होतंय, पंखा लाव गं. पुढच्या वेळी आल्या त्या दारातूनच सांगत, "काहीच नाही झालं मॅडम! एक पोरगी उठली, पंखा लावला, आम्ही प्रमेय पुढे नेलं."

हे माझ्या एकटीच्या खोलीतलं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर यांच्या टीमने विचार आणि वागणं बदलण्यावर बायकांसोबत असंच काम केलं, त्यात दिवसा वाफा किती वेळा येतात ते फारसं बदललं नाही पण त्यांचा जाच बराच कमी झाला. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनेही २०२३ मध्ये बिनहार्मोनच्या उपायांत या पद्धतीची शिफारस केली. त्याच यादीत योगा, श्वासाचे व्यायाम, सोयाबीन, जडीबुटी यांची वाफांसाठी शिफारस नाही, पुरेसा पुरावा नाही म्हणून. योगा सोडा असं मी म्हणत नाहीये, अंगासाठी मनासाठी जरूर करा, हाडांसाठी चालणं आणि वजन उचलायचे व्यायामही करा, पण प्राणायाम करूनही वाफ आली तर "माझंच काही चुकतंय" असं मनात आणू नका. हे मी फार कळवळून सांगतेय कारण तो अपराधीपणा घेऊन रोज कोणीतरी येते.

रात्रीचं वेगळं. शोभाताई तीनला घामाने उठायच्या, पंखा लावायच्या, त्यांचे मिस्टर कुडकुडत बंद करायचे, मग भांडण आणि झोप गेलीच. मी दोघांना एकत्र बोलावलं. यांनी नवऱ्याला कधी सांगितलंच नव्हतं की हे काय होऊन राहिलं, तो समजत होता बायको चिडकी झाली. दोघांचं पांघरूण वेगळं केलं, यांच्या बाजूला छोटा टेबल फॅन, उशाशी एक सुती गाऊन. घड्याळ आणि मोबाइल बघायचा नाही, बराच वेळ झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. झणझणीत सावजी जेवण आणि चहाने वाफा वाढतात का म्हणाल तर प्रत्येकीचं वेगळं असतं, दोन आठवडे वहीत लिहा, तुमचं तुम्हाला दिसेल. वजन जास्त असेल तर ते उतरल्याने वाफांना फरक पडतो.

एवढं करूनही जाच असेल तर डॉक्टरांकडे बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत, डिप्रेशनच्या काही औषधांचे छोटे डोस, गॅबापेंटिन वगैरे. त्या घेतल्या म्हणजे मन कमजोर असं नाही. पण ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर आधी सांगा, पॅरोक्सेटिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या त्याच्या कामात अडथळा आणतात. खाली कोरडं पडत असेल, संबंधात दुखत असेल तर त्यालाही बिनहार्मोनची जेल, मॉइश्चरायझर मिळतात, लाजू नका, विचारा. वर्षभर पाळी नसताना परत थोडं जरी रक्त दिसलं तर "उष्णता झाली" म्हणत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात गायनॅक. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं तर माझी किंवा कोणाचीच अपॉइंटमेंट मिळायची वाट पाहू नका, १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.