हरित विद्रावक हिरवा नसतो

प्रश्न असा आला आहे: ‘धातूंची जटिल संयुगे हिरव्या द्रावणात प्रकाशाची ऊर्जा वाढवतात’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘अपकन्व्हर्जन’ला, म्हणजे कमी ऊर्जेच्या प्रकाशातून जास्त ऊर्जेचा प्रकाश मिळवण्याला, मराठीत काय म्हणावं?

वाक्य तीन ठिकाणी घसरलंय. पहिलं, इथे द्रावण नव्हे, विद्रावक हवा. मीठ आणि पाणी मिळून होतं ते द्रावण. त्यातलं नुसतं पाणी म्हणजे विद्रावक. दुसरं, कृपा करून ‘हिरवा’ म्हणू नका. अपकन्व्हर्जनच्या या प्रयोगात खरोखरच ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आत सोडतात आणि जास्त ऊर्जेचा निळा बाहेर पडतो, म्हणजे घोळात घोळ! ‘हरित’ इथे माणसाला आणि पर्यावरणाला कमी जाचक एवढ्याच अर्थाने. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन या कामी वापरतात, ते रंगहीन असतं. तिसरं, एकूण ऊर्जा तसूभरही वाढत नाही. कमी ऊर्जेच्या दोन फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, मोबदल्यात जास्त ऊर्जेचा एक मिळतो, तोही नशिबाने.

आता धातूकडे. जटिल संयुगातल्या पॅलेडियमकडे नव्हे, ‘द्रु’ या संस्कृत क्रियापदाच्या धातूकडे!

द्रु म्हणजे धावणे. द्रव, द्रुत लय, मन द्रवणे, सगळं त्यातूनच. ‘विद्रु’ म्हणजे दाही दिशांना पळणे आणि विद्रावक म्हणजे तसं पळवून लावणारा. संस्कृतात शत्रुसैन्याचं विद्रावण होतं. त्यामुळे ‘वि’ काढून सुटसुटीत ‘द्रावक’ करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. द्रावक म्हटलं की आयुर्वेदातला शंखद्राव आठवतो, शंख विरघळवणारा जहाल आम्लरस. त्याच्यापुढे ‘हरित’ लावणार?

शिवाय इथे पळण्यावरच सगळं अवलंबून आहे. पॅलेडियम पोर्फिरिन हे धातूचं जटिल संयुग हिरवा प्रकाश गिळतं आणि ती ऊर्जा अँथ्रासीनच्या कुळातल्या रेणूला देतं. असे ऊर्जेने भारलेले दोन रेणू धावत येऊन भेटले, की एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन शांत होतो आणि दुसरा निळा प्रकाश टाकतो. विद्रावकाने धावू दिलं नाही तर भेट नाही, प्रकाश नाही. दुसऱ्या एका हरित विद्रावकाचं बघा. कोलीन क्लोराइड वितळतं ३०२ अंशांना, युरिया १३३ला. एकास दोन प्रमाणात मिसळले की १२ अंशांनाच द्रव. पण हा द्रव इतका दाट, की त्यात रेणू रखडतात. अर्थात मधेच येऊन ऊर्जा लाटणारा ऑक्सिजनही रखडतो, हा फायदा.

आणखी एक. ‘उपद्रव’सुद्धा द्रुचाच, अंगावर धावून येणे. म्हणजे हरित विद्रावकाला ‘निरुपद्रवी विद्रावक’ म्हटलं तर एकाच धातूचे दोन शब्द शेजारी बसतात. मी हे अनेकांना सुचवलं, कोणी दाद देत नाही.

हो, अपकन्व्हर्जन राहिलंच. ‘ऊर्ध्वरूपांतर’ ऐकून झाड उलटं लावल्यासारखं वाटतं. ‘प्रकाशोन्नयन’ म्हणा, उद् अधिक नी, वर नेणे.