स्क्रिप्ट हातानं चालते, क्रॉनमधून का चालत नाही?

तुमची अडचण अशी दिसते: सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान, उबंटूचा सर्व्हर, बॅकअपची स्क्रिप्ट हातानं दिली की चालते, पण रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, काहीच होत नाही.

दहातल्या आठ वेळा दोष पाथचा, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीचा असतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमची सगळी सेटिंग सोबत येते; क्रॉन बिचारा जवळपास रिकाम्या हातानं येतो. म्हणून क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, पहिल्याच ओळीत पाथ लिहा, किंवा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता द्या. शेलही बघा, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. क्रॉन साधा एसएच वापरतो, उबंटूवर तो डॅश असतो, तुम्ही लॉगिन केल्यावर सहसा मिळतो तो बॅश नव्हे.

आता खरी मेख. फाइलच्या नावात तारीख टाकायला टक्क्याचं चिन्ह थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहिलंय का? क्रॉन त्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथंच तुटते. टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या. मी तर तारीख स्क्रिप्टमध्येच ठेवतो. याच एका चिन्हापायी माझे तीन दिवस गेलेत.

आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा, नाहीतर अंधारात चाचपडत बसाल.

दोनला लाइट गेलेली असली तर क्रॉन चुकलेलं काम नंतर करत नाही. त्यासाठी सिस्टमडीचा, म्हणजे उबंटूत सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, टायमर लावा, त्यात पर्सिस्टंट ही सेटिंग ट्रू करून.

आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवा हो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा कुठवर आली होती, ते तुम्हाला मी काय सांगायचं!